मॉरिसखालचा दुसरा हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आजही एकच नाव घेईन – दिनकरआण्णा. शिवाजी पेठेत त्यांचं गॅरेज होतं. मी पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. दहावीनंतर आण्णांनी मला गॅरेजच्या माळ्यावर राहायला जागा दिली, कॉलेजात नाव घातलं, दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरातून यायचा. मी बी.एस्सी. केमिस्ट्री झालो, शिरोलीच्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये लागलो, ते त्यांच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा उपकार विसरला. विसरलेलो नाही. अडचण तीच आहे.

दुसरी गोष्ट – अनाकलनीय अनुभवांचा हा कॉलम मी बरीच वर्षं वाचतोय, आणि इथल्या निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलोय. आमचं घर बौद्ध. उतारा, भगत, अंगात येणं हे सगळं आजोबांच्या काळातच आमच्या उंबऱ्याबाहेर गेलं. त्यात माझं शिक्षण असं की दिसलं त्याचं कारण शोधायचं, नाही सापडलं तर पुन्हा शोधायचं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो. अर्थ तुम्ही लावा... मला लागलेला नाही.

आधी बाबांचं सांगायला हवं. माझे वडील किसन हे आण्णांच्याच गॅरेजात कामाला होते. गाडीच्या पोटाखालची सगळी कामं त्यांच्याकडे – धुणं, गंज काढणं, अंडरकोट मारणं. अंडरकोट म्हणजे चिखलपाण्याने खालचा पत्रा सडू नये म्हणून मारतात तो काळा जाड थर. आपल्याकडे तेव्हा तो डांबराचाच प्रकार असायचा. बाबा आधी सगळा पत्रा खरवडून रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यायचे, मगच थर द्यायचे. खरवडताना त्यांचा एक ठेका असायचा – तीनदा खर्र, खर्र, खर्र, मग थांबून एकदा फडकं. लहानपणी मी सुट्टीत डबा घेऊन जायचो तेव्हा हा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होती. बाबा पूजेला उभे राहत नसत, आमच्यात ती करत नाहीत. आपली हत्यारं आदल्या दिवशी लख्ख करून मांडून द्यायचे आणि पूजा चालू असताना मागच्या बाजूला साफसफाई करत बसायचे. याचं कुणाला काही वाटत नसे, निदान तोंडावर तरी. दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं कोल्हापूर सोनं लुटायला बाहेर पडतं तेव्हा आम्ही गावच्या विहारात असतो, कारण आमचा धम्मदीक्षेचा दिवसही तोच. त्यामुळे दसऱ्याला बाबा गॅरेजात नव्हते. आणि नेमकं त्याच सकाळी आण्णांच्या आईंच्या – त्यांना सगळे आक्का म्हणत – लक्षात आलं की पूजेच्या ताटातला चांदीचा करंडा नाही. कुंकवाचा, लिंबाएवढा, हुपरीच्या कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतलेला.

पूजेला कोण उभा नव्हता? किसना. मागं एकटा कोण होता? किसना. सणाला सोनं द्यायला कोण आला नाही? तोही किसनाच. हिशेब जुळला.

बाबा कामावर गेले तर आण्णा दारातच उभे. म्हणाले, "पोलिसात देत न्हाई मी. एवढी वर्सं काम केलंयस. पण उद्यापासनं येऊ नको."

"मी घेतला न्हाई, आण्णा."

"बरं. जा आता."

बाबा ते वाक्य त्या दिवशी एकदा बोलले. नंतर उभ्या आयुष्यात त्यांनी ते कुणापुढे म्हटलं नाही, घरीसुद्धा नाही. शेतमजुरीला जायला लागले. गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

मी दहावीला वडगावच्या शाळेत चांगल्या मार्कांनी पास झालो, तेव्हा आण्णा स्वतः आमच्या दारात आले. खाटेवर बसले, चहा घेतला – आमच्या घरचा चहा त्यांनी घेतला याचं गावाला फार कौतुक वाटलं – आणि म्हणाले, "बापाचं पाप पोराच्या डोक्यावर कशाला? हुशार हाय, माझ्याकडं द्या." आईने पदर तोंडाला लावला. तिला नको होतं. पण बाबाच म्हणाले, "जाऊ दे त्याला." आणि आण्णा गेल्यावर मला म्हणाले, "शीक. तिथंच राहून शीक. तुझं तोंड रोज दिसू दे त्यास्नी."

मी शिकलो. आण्णांनी मला कधी वाईट वागवलं नाही. फक्त कुणी नवीन पाहुणा आला की माझी ओळख करून द्यायचे – "ह्यो आमच्या किसनाचा पोरगा. बापानं करंडा न्हेला, पण पोरगं हिरा निघालं बघा. मी मनात ठेवलं न्हाई काय." मग पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि आण्णांच्या मनाच्या मोठेपणावर बोलायचे. मी चहाचे कप उचलायचो. किती वेळा ऐकलं असेल हे, मोजलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. साल २००४. आण्णांची एक काळी मॉरिस होती, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बरीच वर्षं गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी. आण्णांनी ठरवलं की गाडी पहिल्यासारखी करायची आणि दसऱ्याला बाहेर काढायची. वरचं काम शंकरमामा करणार – शंकर पेंटर, गॅरेजातला सगळ्यात जुना माणूस. पण खालचा अंडरकोट जुना होऊन तडकला होता. तडकला की त्यात पाणी शिरतं आणि आतल्या आत पत्रा खातं. तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे काही करता येत नव्हतं, आणि शंकरमामांची कंबर धरलेली.

आण्णांनी मला निरोप धाडला. गेलो तर म्हणाले, "बीएस्सी, तू शिकलायस की. सांग, कशानं निघंल हे?"

मी म्हटलं, "थोडी उष्णता, मग स्क्रॅपर, शेवटी रॉकेल."

शंकरमामा हसले. "एवढ्यासाठी पंधरा वर्सं शाळा? ते आमच्या म्हशीला बी ठावं हाय."

"मग म्हशीलाच घाला की गाडीखाली."

"म्हैस नोकरीवर न्हाई लेका, तिला रविवारची सुट्टी नसती."

असं ते काम माझ्याकडे आलं. मी दर रविवारी जायचं कबूल केलं. खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. एवढं ज्यांनी केलं, त्यांच्यासाठी हातांनी काही करायची पहिलीच वेळ.

पहिल्या रविवारी गाडी स्टँडवर चढवली. मी पुढच्या चाकांपासून सुरुवात केली. पाठीखाली पोतं, डोळ्यांवर गॉगल, सकाळचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापलेलं. थर इतका सुकलेला की स्क्रॅपर लावला की खपल्या पडायच्या. तासभर झाला असेल आणि मागच्या चाकांच्या बाजूने आवाज यायला लागला. खर्र, खर्र, खर्र... थांबून फडकं. पुन्हा तसंच.

मी पडल्या पडल्याच म्हणालो, "शंकरमामा, कंबर बरी झाली वाटतं?"

आवाज चालूच. मी वैतागून बाहेर आलो, तर शंकरमामा शेडच्या दारात खुर्चीवर बसून पेपरातली फुटबॉलची बातमी वाचत होते. पेठेतल्या दोन तालमींच्या संघांची मॅच झाली होती, त्यावरून त्यांचं आणि चहावाल्याचं चाललं होतं. दोघंही जागचे हललेले नव्हते.

"मागनं कोण खरवडतंय?"

"कोण? तूच की. मगासधरनं ऐकतोय आमी."

मागे जाऊन वाकून बघितलं. डाव्या मागच्या चाकाजवळ परातीएवढा पत्रा उघडा पडला होता. नुसता खरवडलेला नाही, पुसलेला. बोट लावलं, रॉकेल ओलं होतं. मी अजून रॉकेलचा डबा उघडलासुद्धा नव्हता.

मी कारणं शोधली. गॅरेजातलं कुणीतरी आधी करून गेलं असेल. आवाज पत्र्यावरून घुमून मागून आल्यासारखा वाटला असेल. शंकरमामा मस्करी करत असतील... पण त्यांना वाकताच येत नव्हतं.

पुढच्या रविवारी शेडचं कुलूप मीच उघडलं. मागचा उघडा पत्रा वाढलेला नव्हता, जेवढा होता तेवढाच. मी समाधानाने आडवा झालो. आणि माझा स्क्रॅपर लागताच तिकडचाही लागला. मी थांबलो तर तो थांबायचा नाही. त्याचा आपला ठेका. मान वळवली तर मधे अ‍ॅक्सल आणि अंधार, काही दिसत नव्हतं. भीती वाटली का? लिहायला लाज वाटते, पण नाही वाटली. तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा होता. मी काम चालू ठेवलं. दुपारी बाहेर आलो तेव्हा गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाचं काम झालं होतं, आणि मागच्या स्टँडवर एक फडकं चौघडी करून ठेवलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी गावी गेलो. बाबांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खाटेवरून आई उचलून बसवायची तेवढंच. मी हातपाय धुऊन आत गेलो, तर आई बाबांचा हात मांडीवर घेऊन नखं साफ करत होती.

"बरं झालं आलास. ह्यांच्या नखात बघ की काय गेलंय. सकाळी न्हाऊ घातलं तवा न्हवतं."

काळं होतं. मी आगपेटीच्या काडीने काढून बोटावर चोळलं. डांबर. मी लॅबमध्ये काम करतो, डांबर ओळखण्यासाठी मला दुसऱ्या कुणाची गरज नाही. हाताला रॉकेलचा वास. रॉकेल घरात होतं, स्टोव्हला लागायचं, ते मी समजू शकतो. पण डांबर कुठून आलं? आमच्या गावचा रस्ता तेव्हा खडीचा होता.

आणि तो उजवा हात होता. जो हललाच नव्हता.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते – नेहमीसारखे नाही. दमलेला माणूस कामावरून आल्यावर बघतो तसे.

तिसऱ्या रविवारी मी पुढून सुरुवात केलीच नाही. सरळ मागे गेलो. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, वर, पत्रा वळवून केलेली एक अरुंद फळी असते. तिथवरचं सगळं स्वच्छ झालं होतं, फक्त ती फळी राहिली होती. त्या दिवशी दुसरा आवाज आला नाही. मी वाट बघितली, खोटं कशाला सांगू. मग स्वतःच स्क्रॅपर लावला.

सगळ्या गाडीचा थर सुकून खपल्या झालेला. इथला मऊ होता. कोमट. आदल्या दिवशी मारल्यासारखा. थर तापवायचा ब्लो लॅम्प मी पेटवलेला नव्हता, आणि त्या बाजूला ऊनही येत नाही. स्क्रॅपर आत रुतला आणि कशाला तरी अडला. बोटं घालून ओढलं, तर डांबराचा एक गोळा हातात आला. रॉकेलमध्ये बुडवून चोळला तशी चांदी दिसायला लागली.

करंडा. आणि जिथून तो निघाला तिथे पत्र्यावर, डांबराच्या खाली, कुंकवाची चार बोटं ओढलेली.

मी शंकरमामांना हाक मारली. ते कंबर धरून कसेबसे वाकले, बोटं बघितली, करंडा बघितला आणि तिथेच मातीत बसले.

"आक्का दर चाकाच्या आत बोटं वढायच्या," ते हळू म्हणाले. "बाहेरनं वढलेलं पावसात जातंय म्हणून. करंडा तिथंच टेकवला आसंल आन् इसरल्या."

"मग थर मारताना दिसला कसा नाही?"

"किसनानं मारला असता तर दिसला असता. त्याला काढला मग मलाच मारायला लावला, बेळगावला लग्नाला गाडी न्ह्यायची हुती. मी फडकं घेतलं तर आक्का म्हणाल्या, पूजेचं कुंकू पुसू नगंस, वंगाळ असतंय. म्हणून तेवढी चाकाजवळची जागा न पुसता फवाऱ्याची गन लांबनं धरून तसाच मारला. हात घातलाच न्हाई आत." मग म्हणाले, "कुंकू पुसलं असतं तर बाबाची भाकरी ऱ्हायली असती तुझ्या."

आक्का तोवर वारल्या होत्या. आण्णा आले. करंडा त्यांनी दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला. "आईचा हाय," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. शंकरमामांनी सगळं सांगितलं. आण्णांनी वाकून बोटंही बघितली.

मी म्हणालो, "आण्णा, बाबांना सांगायला याल?"

"येतो की. दसरा हू दे. ही मॉरिसच घिऊन येतो, किसनाच्या दारात उभी करतो बघ."

मी त्या रात्रीच घरी जाऊन बाबांना सांगितलं. म्हटलं, बाबा, करंडा सापडला. मला वाटलं होतं रडतील, हात धरतील. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला काही कळेना. आई चुलीपुढून म्हणाली, "त्यांनी घेतला न्हाई हे त्यास्नी ठावं हाय, तू काय नवीन सांगतोयस? ज्यानं म्हटलं हुतं त्यानं यिऊन सांगावं."

पुढच्या आठवड्यांत गाडीला प्रायमर लागला, नवा थर लागला. कुंकवाची बोटं त्याआधी रॉकेलने पुसली गेली, कामच ते होतं. खंडेनवमीला मॉरिस हार घालून दारात उभी होती, आरशासारखी. ताटात करंडा. मी आण्णांच्या शब्दासाठी गेलो होतो, फाटकाजवळ उभा होतो. एका पाहुण्याने विचारलं, "ह्यो त्योच का? कुठं गावला?"

आण्णा म्हणाले, "गाडीखालीच. किसनानं तिथं दडवून ठेवला हुता, मागनं न्ह्यायचा म्हणून. मी कामावरनं काढला, त्याला न्ह्यायला गावलाच न्हाई. देवीनं माझं मला दिलं." आणि मग मला जवळ ओढून, "पण ह्यो त्याचाच पोरगा, ह्यानंच काढून दिला बघा. हिरा हाय."

मी म्हणालो, "आण्णा, तिथं आक्कांची बोटं होती. तुम्ही बघितली."

"गप रे. सणाचं काय काढतोस? तुला कोण काय म्हणतंय? तू आमचाच हायस."

मी शंकरमामांकडे बघितलं. ते हारातलं एक सुटलेलं झेंडूचं फूल नीट लावत होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची मुलगी लग्नाची होती आणि गॅरेज आण्णांचं होतं. पण तेवढा वेळ त्यांनी ते फूल लावायला घेतला.

गाडीखाली माझ्याबरोबर कोण खरवडत होतं, तेवढाच थर इतकी वर्षं ओला कसा राहिला, बाबांच्या त्या हाताच्या नखांत डांबर कुठून आलं – मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, शिकलेल्या दोन माणसांना विचारलंय. उत्तर नाही. आणि ज्या गोष्टीचं उत्तर होतं, ते देणाऱ्याने दिलं नाही. दसऱ्यानंतर मी आण्णांना पत्र लिहिलं, स्वतः जाऊन त्यांच्या घरी दिलं. ते आले नाहीत, उत्तरही आलं नाही. त्याच हिवाळ्यात बाबा गेले. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

*

ती. आण्णांस,

सा. न.

तोंडाने बोललो असतो तर तुमच्यापुढे आवाज चढला असता, आणि तसं शिक्षण तुम्ही मला दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही मला जागा दिली, जेवण दिलं, शिकवलं. माझ्या मुलांनाही मी हे सांगेन. तुमच्या घरच्या अन्नाशी मी कधी बेइमानी करणार नाही. पण आण्णा, जे माझ्या वडिलांनी केलंच नव्हतं त्याची माफी तुम्ही इतकी वर्षं त्यांना देत होता, आणि ती माझ्या ताटात वाढत होता. मी ती खाल्ली, कारण त्यांनीच मला खायला पाठवलं होतं.

तुम्ही बोटं बघितली आहेत. खंडेनवमीला जे बोललात ते तुम्हालाही खरं वाटत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या तोंडाकडे बघून मी लहानाचा मोठा झालो आहे. इतक्या लोकांसमोर चूक कबूल करणं जड जात असेल तर लोकांसमोर करू नका. गावाला कळावं असा माझा हट्ट नाही. गाडी आणू नका, करंडा आणू नका. एकटे या. वडगावला उतरलात तर मी न्यायला येतो.

आमच्या दारात येऊन एकदाच म्हणा की किसनाने घेतला नाही. त्यांना उत्तर देता येणार नाही, त्यामुळे तुम्हाला काही ऐकून घ्यावं लागणार नाही. आईलाही मी बाहेर बसायला सांगेन.

फक्त लवकर या. बाबांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत.

तुमचा,
मिलिंद